हेमांगीसाठी, चावीसोबत

आधी फक्त डावं बटण.
काचेच्या बुडाशी नारिंगी जीव धरेल,
विझत आलेल्या उदबत्तीच्या टोकाएवढा.
मग थांब. दीड मिनिट.
घड्याळ नको, खिडकीतून बघ,
खारकर आळीत वळणाऱ्या रिक्षा मोज.
संध्याकाळी साधारण सात होतात.
मग उजवं.

थंड व्हॉल्व्हला एकदम साडेतीनशे व्होल्ट म्हणजे
झोपेतल्या माणसाला उठवून
जिन्यावरून पळायला लावणं.
कॅथोडवरचा लेप खरवडला जातो,
भरून येत नाही.

कारखान्यांना सुट्टी असते त्या दिवशी लाइन चढते.
स्टॅबिलायझरचा काटा लाल रेघेला टेकला
तर रेकॉर्ड परत कव्हरात घाल, चहा कर.
वरती काही ठेवू नकोस,
क्रोशाचा रुमाल तर नकोच.
शालनने एकदा घातला होता, धुळीसाठी.
जाळीला करपून चिकटलेला एक दोरा
अजून दिसेल तुला. तो राहू दे.

काचेच्या माथ्याला आतून चंदेरी आरसा आहे.
तो दुधासारखा पांढरा झाला
तर समज, हवा शिरली.
मग कुणालाच काही करता येत नाही.
फोनही करू नकोस,
मणक्याचं ऑपरेशन एवढं एकच पुरे आहे.

सव्वीस वर्षं टेस्टिंगला होतो,
वागळे इस्टेट, रोड नंबर सोळा.
कंपनी मिटली तेव्हा उरलेला माल किलोवर गेला.
सव्वा किलो मी घेतला.
त्यातले चार शिल्लक आहेत,
तांदळाच्या रिकाम्या डब्यात, जुन्या पायमोज्यांत गुंडाळून.
आता तिथे जिम आहे.
रात्री रस्त्यावरून दिसतं,
काचेआड माणसं तापत असतात, एका जागी धावत.

निळ्या वहीत प्रत्येक संध्याकाळ आहे.
तारीख, मिनिटं, करंट.
पाच हजार तास टिकली तर नशीब म्हणतात,
माझी जोडी आठ हजार चारशेवर आहे.
लोक विचारतात, कशी?
मी म्हणतो, काळजी.

पण मागे दोन स्क्रू आहेत, हेमांगी.
करंट पस्तीस हवा.
मी एकोणीस वर्षं पंचवीसवर ठेवला.

शालन म्हणाली होती, एकदाच,
मेथी निवडताना, मान वर न करता,
"बाई जरा लांबून गाते का हो आपल्याकडे?"
मी म्हटलं, तुझे कान.
तिने पुन्हा विचारलं नाही.
तिचे कान चांगले होते.
तिसऱ्या मजल्यावर कुणाचा कुकर
कितव्या शिट्टीला आलाय, ते सांगायची.

हो, आणि नुसतं तापत ठेवू नकोस.
व्हॉल्व्ह पेटलेला, पण आतून काही वाहत नाही,
असा तासन् तास राहिला
तर कॅथोडवर पापुद्रा धरतो.
वाजवला असता तर झिजला असता,
न वाजवता कामातून जातो.
लावलंस तर वाजव.

पिवळ्या मुठीचा स्क्रूड्रायव्हर मीटरच्या पेटीत आहे.
दोन्ही बाजू सारख्या, हळू.
पस्तीसला थांब, छत्तीस नको.
मग खिडकीकडच्या खुर्चीत बस,
तिचा एक हात सैल आहे, त्यावर भार देऊ नकोस.
बाई कुठून गाते ते ऐक.
मला नाशिकला कळव,
लांबून की इथून, एवढंच.
त्या दिवशीची मिनिटं वहीत नाही लिहिलीस तरी चालेल.

आत मात्र हात घालायचा नाही, बंद असला तरी.
आणि चावी वॉचमनकडे ठेवू नकोस,
तो कुणालाही देतो.